वीज नसलेल्या मुक्कामी सीपॅप यंत्र कसे चालवावे

स्लीप ॲप्निया असलेल्या माणसाचा घशातील श्वासमार्ग झोपेत वारंवार मिटतो आणि श्वास अडतो. सीपॅप यंत्र नळी आणि मास्क यांच्यातून सतत दाबाची हवा सोडून तो मार्ग उघडा ठेवते. सिडनी येथील कॉलिन सलिव्हन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८१ साली हा उपाय प्रसिद्ध केला. त्यानंतर यंत्रे लहान होत गेली, त्यांचा आवाज कमी झाला, ती उशाशी सहज मावू लागली. पण रात्रभर अखंड वीज हवी ही त्यांची अट कायम आहे. या अटीमुळे काही जण तंबूतला मुक्काम कायमचा सोडून देतात, तर काही जण ‘दोन रात्रींनी काय बिघडणार’ असे म्हणून यंत्र घरी ठेवून निघतात. यांपैकी दुसऱ्या निर्णयाची मला अधिक धास्ती वाटते, कारण अर्धवट झोपेच्या रात्रीनंतर सकाळी घाट उतरताना गाडी बहुधा त्याच माणसाच्या हाती असते.

पुढील विवेचनासाठी मी दोन मुक्काम डोळ्यांसमोर ठेवले आहेत. पहिला भंडारदऱ्याच्या जलाशयाकाठी, हिवाळ्यातला, दोन रात्रींचा आणि गाडी तंबूपर्यंत नेता येईल असा. दुसरा हरिश्चंद्रगडावरचा, एका रात्रीचा, जिथे पाचनईहून सगळे सामान पाठीवर वाहून न्यावे लागते. पहिल्या मुक्कामात वजनाची फारशी चिंता नसते. दुसऱ्यात प्रत्येक अर्धा किलो जाणवतो.

एक गोष्ट आधीच स्पष्ट केली पाहिजे. हे सर्व साध्या सीपॅप किंवा दाब आपोआप कमीजास्त करणाऱ्या यंत्राविषयी आहे. ज्यांना श्वसन अपुरे पडत असल्यामुळे बायपॅप (श्वास घेताना आणि सोडताना वेगवेगळा दाब देणारे यंत्र) दिलेले आहे, ज्यांना सोबत ऑक्सिजन लागतो किंवा ज्यांच्या बाबतीत यंत्र थांबणे जिवावर बेतू शकते, त्यांनी आपल्या डॉक्टरांशी सविस्तर बोलल्याशिवाय वीज नसलेल्या ठिकाणी मुक्काम करू नये.

यंत्र खरोखर किती वीज खाते

बहुतेकांची चूक पहिल्याच पायरीवर होते. यंत्राच्या ॲडॉप्टरवर, समजा, ९० वॉट असे छापलेले असते. माणूस ९० ला ८ तासांनी गुणतो, दोन रात्रींसाठी १४४० वॉट-तास असे उत्तर काढतो आणि तेवढ्या क्षमतेच्या बॅटरीची किंमत व वजन पाहून बेत रद्द करतो. वास्तविक ९० वॉट ही तो ॲडॉप्टर जास्तीत जास्त किती शक्ती देऊ शकेल याची मर्यादा आहे. यंत्र तेवढी वीज सतत घेत नाही. आतला पंखा फिरवायला फारच थोडी वीज पुरते. उरलेली क्षमता मुख्यतः हवा ओलसर करण्यासाठी पाणी तापवणारा ह्युमिडिफायर आणि गरम होणारी नळी यांच्यासाठी राखलेली असते.

म्हणून लेबल वाचून अंदाज करण्याऐवजी प्रत्यक्ष मोजावे. भिंतीवरील सॉकेट आणि ॲडॉप्टर यांच्यामध्ये लावायचा, वापरलेली वीज दाखवणारा छोटा मीटर बाजारात मिळतो. वीजबिलातील एक युनिट म्हणजे १००० वॉट-तास, आणि आपल्याला मोजायचे आहे ते त्याच्या दहाव्या हिश्श्याहूनही कमी असू शकते. त्यामुळे युनिटचे निदान दोन, शक्यतो तीन दशांश दाखवणारा मीटर घ्यावा. तो लावून दोन रात्री नेहमीप्रमाणे झोपावे आणि नंतरच्या दोन रात्री ह्युमिडिफायर व नळीची उष्णता पूर्ण बंद ठेवून झोपावे. माझ्या यंत्राने आठ तासांत पहिल्या पद्धतीने सुमारे २८० वॉट-तास घेतले आणि दुसऱ्या पद्धतीने सुमारे ६४. दाब जितका अधिक आणि मास्कमधून हवेची गळती जितकी जास्त, तितका पंखा जोरात फिरतो, म्हणून प्रत्येकाचा आकडा वेगळा येईल. पण दोहोंतली तफावत बहुतेकांना अशीच मोठी दिसेल.

बॅटरीच्या खरेदीआधी ही तफावत नीट समजून घ्यावी, असे मी आग्रहाने सांगतो. मुक्कामाच्या रात्री पाणी तापवायचे नाही एवढे ठरवले, की प्रश्नाचा मोठा भाग तिथेच सुटतो. घशाला किंवा नाकाला कोरड पडण्याची तक्रार मात्र खरी असते. त्यावर काही जणांना भांड्यात न तापवलेले पाणी ठेवण्याचा थोडा उपयोग होतो, काहींना झोपण्यापूर्वी नाकात सलाइनचे थेंब पुरतात. काही प्रवासी यंत्रांसाठी उच्छ्वासातील ओलावा धरून ठेवून तोच श्वासाबरोबर परत देणारी छोटी चकती मिळते. ती फक्त निर्मात्याने सांगितलेल्या मास्कबरोबरच वापरावी. पाण्याचे भांडे काढून टाकायचे असेल, तर त्या जागी वेगळे झाकण बसवावे लागते का, हे यंत्राच्या पुस्तिकेत पाहावे. यातले काय आपल्याला मानवते याचा निकाल घरीच लावावा.

वीज वाचवण्यासाठी दाब मात्र कमी करू नये. तो डॉक्टरांनी तपासणीवरून ठरवलेला असतो. वाचवायचेच असेल तर मास्कची जुनी झालेली गादी बदलून गळती थांबवावी आणि यंत्रात मोबाइल नेटवर्कची सोय असेल तर एअरप्लेन मोड चालू करावा.

बॅटरीचा हिशेब

हिशेब साधा आहे. एका रात्रीचे वॉट-तास गुणिले रात्री. येणाऱ्या संख्येला ०.८५ ने भागावे, कारण वाटेत थोडी वीज उष्णतेत जाते आणि बॅटरीवर छापलेली सगळी क्षमता हाती लागत नाही. मग उत्तराला १.३ ने गुणावे, म्हणजे थंडी, गळती आणि एखादी लांबलेली झोप यांची तजवीज होते. माझ्या आकड्यांनुसार भंडारदऱ्याच्या दोन रात्रींसाठी ६४ गुणिले २ म्हणजे १२८, त्याचे १५१ आणि शेवटी सुमारे १९६ वॉट-तास. म्हणजे साधारण २५० वॉट-तासांचे, तीन-चार किलोचे छोटे पॉवर स्टेशन, म्हणजे सॉकेट बसवलेली तयार बॅटरीची पेटी, पुरते. ह्युमिडिफायर चालूच ठेवायचा म्हटला, तर हीच संख्या ८५६ वर जाते, हजार वॉट-तासांच्या वर्गातले पॉवर स्टेशन घ्यावे लागते आणि त्याचे वजन दहा किलोंच्या पुढे जाते.

बॅटरीवर वॉट-तासांऐवजी ॲम्पिअर-तास दिलेले असतील, तर त्यांना व्होल्टने गुणावे. मोबाइलच्या पॉवर बँकवरील आकडा इथे दिशाभूल करतो. २०,००० मिलिॲम्पिअर-तास ऐकायला भरघोस वाटतात, पण ते आतल्या ३.७ व्होल्टच्या सेलचे असतात. गुणाकार केला की ७४ वॉट-तास उरतात.

बॅटरीच्या प्रकारांत मला लिथियम आयर्न फॉस्फेट सर्वांत भरवशाची वाटते. ती इतर लिथियम बॅटऱ्यांपेक्षा उष्णता अधिक सहन करते, अनेक वर्षे टिकते आणि तिची बहुतेक सगळी क्षमता वापरता येते. १२.८ व्होल्ट आणि २० ॲम्पिअर-तासांची अशी बॅटरी सुमारे तीन किलो भरते आणि २५६ वॉट-तास साठवते. शिसे-आम्ल बॅटरी स्वस्त असते, परंतु ती निम्म्याहून अधिक रिकामी करत राहिल्यास तिचे आयुष्य झपाट्याने घटते. म्हणून १२ व्होल्ट, २६ ॲम्पिअर-तासांच्या आठ-नऊ किलोच्या बॅटरीतून जपून वापरल्यास जेमतेम १५६ वॉट-तास मिळतात. घरातली इन्व्हर्टरची मोठी बॅटरी उचलून गाडीत टाकण्याचा विचार तर सोडूनच द्यावा. ती ५० किलोंच्या घरात असते आणि कलंडली तर आम्ल सांडू शकते.

इन्व्हर्टर शक्यतो टाळावा

सीपॅप यंत्र मुळात डीसी, म्हणजे बॅटरीतून मिळते तशा, विजेवर चालते. भिंतीतल्या २३० व्होल्टच्या एसी विजेचे डीसीत रूपांतर त्याचा ॲडॉप्टर करतो. आपण बॅटरीला इन्व्हर्टर लावून त्यावर ॲडॉप्टर जोडतो, तेव्हा डीसीची एसी आणि लगेच एसीची पुन्हा डीसी अशी उलटसुलट कसरत होते आणि दोन्ही वेळा वीज वाया जाते. याहूनही मोठी एक गळती असते, ती मात्र डोळ्यांना दिसत नाही. इन्व्हर्टर नुसता चालू राहण्यासाठीच काही वॉट खातो, आणि हा आकडा दहापर्यंतही जाऊ शकतो. हजार वॉटची उपकरणे चालवणाऱ्याला ते जाणवत नाही. आपले यंत्र मात्र सरासरी आठच वॉट घेत असेल, तर बॅटरी दुप्पट वेगाने संपते. छोटे पॉवर स्टेशन पहाटेच बंद पडल्याच्या तक्रारी ऐकू येतात, त्यांतल्या बऱ्याच तक्रारींचे मूळ इथे असते.

म्हणून यंत्राच्या निर्मात्याने दिलेली किंवा त्याच मॉडेलसाठी बनवलेली डीसी वायर घ्यावी. आधी यंत्राच्या मागचा व्होल्टेज वाचावा. रेसमेडच्या एअरसेन्स १० व ११ या यंत्रांना २४ व्होल्ट लागतात, तर फिलिप्सच्या ड्रीमस्टेशनला १२ व्होल्ट. पॉवर स्टेशनच्या गोल सॉकेटमधून, म्हणजे गाडीत असते तशा सॉकेटमधून, १२ व्होल्ट मिळतात. त्यामुळे २४ व्होल्टच्या यंत्रासाठी व्होल्टेज वाढवणारा कन्व्हर्टर लागतो. पूर्ण भरलेल्या बॅटरीचा व्होल्टेज १३ च्याही वर असतो, म्हणून १२ व्होल्टच्या यंत्रालासुद्धा कोणतीही वायर थेट जोडू नये. पिन बसली म्हणजे जुळली असे समजू नये. धन-ऋण टोके उलटी झाली तर यंत्र कायमचे निकामी होऊ शकते. सुटी बॅटरी वापरणाऱ्याने धन टोकाजवळच फ्यूज बसवावा, वायर जाड आणि आखूड ठेवावी. लांब बारीक वायरीत व्होल्टेज पडतो आणि यंत्र मध्यरात्री बंद पडते.

यूएसबी-सी पॉवर बँकवर चालणाऱ्या वायरीही मिळतात. त्या घेताना एक तांत्रिक बाब ध्यानात ठेवावी: या पद्धतीत ५, ९, १५ आणि २० व्होल्टचे टप्पे ठरलेले आहेत, १२ व्होल्टचा टप्पा ऐच्छिक आहे आणि २४ व्होल्टचा नाही. त्यामुळे आपली वायर, आपली पॉवर बँक आणि आपले यंत्र हे तिन्ही एकत्र रात्रभर चालवून पाहिल्याखेरीज त्या वायरीवर विसंबू नये.

इन्व्हर्टरशिवाय इलाज नसेल, तर तो प्युअर साइन वेव्ह, म्हणजे गुळगुळीत लहरींची वीज देणाऱ्या, प्रकारचाच असावा. स्वस्त इन्व्हर्टरच्या ओबडधोबड लहरींनी ॲडॉप्टर तापतो आणि काही यंत्रांचे नुकसान होते.

पॉवर स्टेशन घेतल्यावर त्यातील बचतीचा मोड शोधून बंद करावा. ठरावीक मर्यादेहून कमी वीज ओढली जात असेल, तर कोणीही काही वापरत नाही असे समजून हा मोड सॉकेट बंद करतो. माझ्या पहिल्या मुक्कामात नेमके हेच घडले. बॅटरी तीन चतुर्थांश भरलेली होती, यंत्र मात्र रात्री दोनच्या सुमारास थांबले, आणि मी सकाळी जड डोक्याने उठून बॅटरीला दोष देत बसलो. त्या रात्रीपासून नवे कोणतेही साधन मी घरी पूर्ण रात्र चालवल्याशिवाय बाहेर नेत नाही.

गाडी, जनरेटर आणि सौर पॅनेल

गाडीची बॅटरी हा सर्वांना प्रथम सुचणारा उपाय आहे. लहान पेट्रोल गाड्यांत ती बहुधा ३५ ते ४५ ॲम्पिअर-तासांची असते आणि इंजिन सुरू करण्यासाठी क्षणभर मोठा प्रवाह देणे एवढेच तिचे काम असते. हळूहळू खोलवर रिकामी होणे तिला सोसत नाही. एखादी रात्र निभावेल, पण सकाळी गाडी सुरू झाली नाही तर जवळ गॅरेज नाही, हेही लक्षात ठेवावे. शिवाय पुष्कळ गाड्यांत चावी काढली की सॉकेट बंद होते. त्यापेक्षा दिवसा फिरताना गाडीच्या सॉकेटवरून पॉवर स्टेशन भरून घ्यावे आणि रात्री गाडीला हात लावू नये.

रात्री इंजिन चालू ठेवून यंत्र चालवणे, किंवा तंबूला लागून जनरेटर लावणे, कोणत्याही परिस्थितीत करू नये. धुरातील कार्बन मोनॉक्साइडला रंग नसतो, वास नसतो, आणि झोपलेल्या माणसाला तो कळतही नाही. सीपॅप यंत्र भोवतालचीच हवा ओढून आत सोडते, ती शुद्ध करत नाही. त्याचा साधा फिल्टर धूळ अडवतो, वायू अडवत नाही. थंडी फार आहे म्हणून निखाऱ्यांची शेगडी तंबूत घेण्याची सवय याच कारणाने प्राणघातक ठरते. शेकोटीही तंबूपासून लांब आणि वाऱ्याच्या खालच्या बाजूला असावी.

सौर पॅनेलचा उपयोग दोनहून अधिक रात्री राहणाऱ्यालाच आहे. १०० वॉटच्या पॅनेलमधून प्रत्यक्षात साठ-पासष्ट वॉट मिळाले तरी समाधान मानावे. स्वच्छ हिवाळी दिवशी, सूर्याच्या दिशेने दोन-तीनदा वळवत राहिल्यास, दिवसाकाठी २५० वॉट-तासांच्या आसपास वीज जमते. पण झाडाची सावली पॅनेलच्या एका कोपऱ्यावर पडली तरी उत्पादन कोसळते. मेअखेर-जूनमध्ये काजवे पाहण्यासाठी भंडारदरा-पुरुषवाडी परिसरात तंबू लागतात, तेव्हा आभाळ भरलेले असते; त्या दिवसांत सौर विजेवर भिस्त ठेवू नये आणि घरून पूर्ण भरलेली बॅटरी न्यावी. त्याच मुक्कामात यंत्राचा आणि पॉवर स्टेशनचा पडदा कापडाने झाकावा, म्हणजे काजव्यांना प्रकाशाचा त्रास होणार नाही. हवा जाण्याच्या फटी मात्र मोकळ्या ठेवाव्यात.

पाठीवरचा मुक्काम

हरिश्चंद्रगडासारख्या ठिकाणी एका रात्रीसाठी ६४ वॉट-तास लागतात, ०.८५ ने भागल्यावर ७५. सीपॅपसाठीच बनवलेल्या, १०० वॉट-तासांच्या आतल्या लिथियम बॅटऱ्या पाऊण ते एक किलो वजनात ही गरज भागवतात. त्या आतूनच योग्य व्होल्टेज देतात, त्यामुळे कन्व्हर्टरही वाहावा लागत नाही. त्या महाग आहेत, पण विमानप्रवासात फार सोयीच्या पडतात. सुट्या लिथियम बॅटऱ्या केवळ हातातल्या सामानात नेता येतात. १०० वॉट-तासांपर्यंत सहसा परवानगी मागावी लागत नाही, १०० ते १६० पर्यंत विमान कंपनीची संमती लागते आणि त्याहून मोठी बॅटरी प्रवाशाला नेता येत नाही. म्हणजे लेहला विमानाने जाणाऱ्याचे पॉवर स्टेशन घरीच राहते.

लेहचा विषय निघाला म्हणून उंचीबद्दलही सांगतो. हवा विरळ झाली की तोच दाब राखण्यासाठी पंख्याला अधिक श्रम पडतात. आजची यंत्रे उंचीनुसार स्वतःला जुळवून घेतात, पण एका मर्यादेपर्यंत. एअरसेन्स १० साठी ती २,५९१ मीटर आहे. १,६४६ मीटरचे कळसूबाई, म्हणजे महाराष्ट्रातले सर्वोच्च शिखरसुद्धा, या मर्यादेच्या पुष्कळ खाली आहे, त्यामुळे सह्याद्रीत ही काळजी नको. लेह मात्र सुमारे ३,५०० मीटरवर आहे. तिथे जाण्यापूर्वी पुस्तिका आणि डॉक्टर या दोघांनाही विचारावे. तिथल्या थंडीत लिथियम बॅटरीची क्षमता घटते, आणि शून्य अंशाखाली गारठलेली बॅटरी चार्ज करणे तिला अपायकारक असते. आधी ती तंबूत उबेला आणावी.

तंबूतील मांडणी

यंत्र थेट जमिनीवर ठेवू नये. सामानाची एखादी बुटकी पेटी पुरते. ते डोक्याच्या पातळीपेक्षा खाली असावे, म्हणजे नळीत साचलेले पाणी मास्ककडे येणार नाही. थंड रात्री नळी पांघरुणातून घेतल्यास आत दव धरत नाही. भांड्यात पाणी ठेवले असेल, तर यंत्र हलवण्यापूर्वी ते ओतून टाकावे. वाटेत सांडून मोटरीत गेलेले पाणी कुठल्याही बॅटरीपेक्षा महाग पडते. धुळीच्या वाटेवरून आल्यावर फिल्टर झटकावा, एक नवा फिल्टर जवळ ठेवावा. जोडणीची सांधे उशाशी, हाताला अंधारात सापडतील अशी ठेवावीत आणि टॉर्च शेजारी असावा.

यंत्र थांबलेच तर मास्क लगेच काढावा, कारण हवेचा झोत थांबल्यावर तो चढवून झोपल्यास आपलाच उच्छ्वास पुन्हा आत घेतला जातो. मग कुशीवर झोपावे, पाठीमागे सॅक लावून उताणे होणे टाळावे, डोक्याखाली उंची वाढवावी. मद्य किंवा झोपेच्या गोळ्या घेतलेल्या असतील, तर घशाचे स्नायू अधिकच सैल पडतात. वीज बेभरवशाची असलेल्या मुक्कामात दोन्हींपासून दूर राहावे. सोबत्यांना आपल्या आजाराची कल्पना आधीच द्यावी. घोरणे अचानक थांबून श्वासासाठी धडपड ऐकू आली, तर हलवून कुशीवर वळवायला त्यांना सांगून ठेवावे. आणि सकाळी गाडीची चावी त्यांच्यापैकी कोणाकडे तरी द्यावी.